घरातली माणसं : तीन

नोव्हेंबरात दिल्लीत न खोकणारा माणूस दिसला तर त्याचीच चौकशी करावी, अशी परिस्थिती असते. त्यामुळे दसऱ्यापासून नवरा खोकत होता तरी घरात कोणी मनावर घेतलं नाही. खिडक्या बंद, गरम पाण्याच्या गुळण्या, झालं. दिवाळीनंतर त्याच्या पँटी कमरेत ढिल्या पडायला लागल्या तेव्हा तर स्वारी खूश झाली. म्हणे, जिमचं तोंड न पाहता पोट गेलं. मग एका सकाळी बेसिनमध्ये लालसर काहीतरी दिसलं आणि आम्ही छातीच्या डॉक्टरकडे गेलो.

टीबी. डॉक्टरनं सर्दी म्हणावं इतक्या सहज सांगितलं. सहा महिने गोळ्या, पूर्ण बरा होतो, काळजीचं कारण नाही, पुढचा पेशंट. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, कोणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, बरं. एवढंच बोलणं झालं. मला बहुतेक रडू यायला हवं होतं, पण मी नोएडाच्या फ्लायओव्हरवर गाडी चालवत संध्याकाळी भाजी काय करायची याचा विचार करत होते. ते जे बधिरपण अंगात शिरलं ते सहा महिने हललं नाही. ही सबब नाही. बधिर माणसाला खोटं बोलायला काही त्रास होत नाही, हे मात्र मी स्वतःवरून सांगू शकते.

आम्ही बावीस वर्षं दिल्लीत. पुण्याहून दोन बॅगा घेऊन आलो आणि मयूर विहारच्या या सोसायटीत रुतून बसलो. नवरा नोएडात आयटीत, मुलगी अकरावीत, आणि मी एका कंपनीच्या एचआरमध्ये, बहुतेक दिवस घरूनच. आजार लपवू नका, वेळेवर सांगा, असली पोस्टरं दरवर्षी पँट्रीच्या भिंतीवर मीच लावून घेते. पण घरचं प्रकरण आलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आईच्या तोंडची म्हण. मी ती कधी वापरीन असं वाटलं नव्हतं.

नवऱ्याला ऑफिसची भीती. टीममध्ये कळलं तर लोक लिफ्टमधून उतरतील, म्हणायचा. मला कसली होती ते सांगायला जरा लाज वाटते. मला सोसायटीतल्या बायकांची होती. जानेवारीत हळदीकुंकू माझ्याकडे ठरलं होतं आणि माझ्या हातचा तिळगूळ कोणी खाणार नाही, हे चित्र मला नवऱ्याच्या एक्स-रेपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होतं.

पण डॉक्टरला सरकारकडे नाव कळवावंच लागतं. आठवड्याभरात फोन आला. डिस्पेन्सरीतून बोलते आहे, भागाची आशा कार्यकर्ती आहे, घरी येऊन भेटायचं आहे. मी म्हटलं, आम्ही प्रायव्हेट डॉक्टरकडे आहोत, आम्हाला सरकारी काही नको. पलीकडून शांतपणे उत्तर आलं की औषध कुठूनही घ्या, घरातल्या माणसांची तपासणी मात्र करायची असते. मी तिला दुपारी बोलावलं आणि सांगितलं की गळ्यातलं ओळखपत्र गेटवर येण्याआधी पिशवीत टाका.

आमच्या गेटवर मोबाइलच्या अ‍ॅपवर परवानगी लागते. येणारा कोण ते आधी निवडावं लागतं. पाहुणे, डिलिव्हरी, टॅक्सी, मेड. पाहुणे म्हटलं तर गार्ड कोण-कुठले विचारणार. मी 'मेड' निवडलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर नीट लपवावं. ती मागच्या लिफ्टनं वर आली.

चाळिशीची असेल. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात पट्ट्याची चप्पल. मी तिला पहिल्यापासून दीदी म्हणायला लागले आणि ती मला मॅडम. आल्याआल्या तिनं पाणी मागितलं. मी सीलबंद बाटली पुढे केली, तर म्हणाली, ग्लासात द्या, घरातल्या. आणि नवऱ्यासमोर बसून तिनं तो ग्लास सावकाश संपवला. पुढे कळलं की ती प्रत्येक पेशंटच्या घरी असंच करते. भांड्यातून हा आजार जात नाही, हे शंभर वेळा सांगण्यापेक्षा एकदा पिऊन दाखवलेलं बरं, असं तिचं म्हणणं. मी मात्र तोवर नवऱ्याचं ताट, वाटी, कप सगळं वेगळं काढून ठेवलं होतं.

मग तिनं फॉर्म काढला. घरात माणसं किती? मी म्हटलं, तीन. रोज घरात येणारं, तास-दोन तास थांबणारं आणखी कोणी? मी म्हटलं, कोणी नाही.

आणि त्याच वेळी आतून पोळपाटावर लाटण्याचा आवाज येत होता.

आमच्याकडे आठ वर्षं एक बाई स्वयंपाकाला येत होती. बदायूंकडची, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. फुलके तिला येत होतेच, घडीच्या पोळ्या मी शिकवल्या, आणि पुढे तिच्या पोळ्यांना माझ्यापेक्षा जास्त पदर सुटायला लागले. दुपारी दोन तास आमच्या बारा बाय आठच्या स्वयंपाकघरात आणि त्याला लागून असलेल्या जेवणाच्या टेबलाशी ती असायची. घरून काम असलं की नवरा त्याच टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचा, खोकायचा, आणि ती त्याला आल्याचा काढा करून द्यायची. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. तिचा चहाचा कप आमच्याकडे आठ वर्षं वेगळ्या फळीवर होता, सगळ्यांच्याच घरी असतो तसा. आता तिच्या कपाशेजारी नवऱ्याचा आला. तिनं विचारलं, भैयांचा कप इथे का? मी म्हटलं, वैद्याचं औषध चालू आहे, त्याचं पथ्य आहे. तिला पटलं. माझ्या तोंडचं तिला आठ वर्षं सगळं पटत आलं होतं.

दीदीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फॉर्मवर तीन लिहिलं.

निघताना लिफ्टपाशी हळूच म्हणाली, "किचनवाली को बता दीजिए मॅडम. उनकी जाँच हो जाएगी, बस." मी म्हटलं, ती सांगेल ना सगळ्यांना. या एका बिल्डिंगमध्ये ती चार घरं करते. दीदी म्हणाली की पेशंटनं नको म्हटलं तर तिला कोणाला सांगता येत नाही, तिच्या तोंडून जाणार नाही, पण मी सांगावं. मी म्हटलं, अच्छा, सांगते. उद्याच सांगते.

नवऱ्याचा तिच्यावर विश्वास कसा बसला त्याची गंमतच आहे. लिव्हरचा रिपोर्ट यायचा होता म्हणून गोळ्या तिच्या पहिल्या भेटीनंतर सुरू झाल्या, आणि तिनं आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या गोळीनंतर लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही. डॉक्टर हे सांगायला विसरला होता. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या बाथरूममधून ओरडणार तेवढ्यात त्याला आठवलं, आणि बाहेर येऊन म्हणाला, बाई हुशार आहे यार. तिथून पुढे गोळ्यांनी मळमळलं की तो डॉक्टरला नाही, तिला फोन करायचा. मुलीची आणि माझी तपासणी तिनं करवली, आम्हा दोघींना प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. सरकारी नको म्हणणारे आम्ही, महिन्याभरात सरकारी डिस्पेन्सरीची औषधं बिनबोभाट घ्यायला लागलो. दर खेपेला जाताना ती लिफ्टपाशी थांबून विचारायची, सांगितलं? मी म्हणायची, या आठवड्यात नक्की.

मी का सांगत नव्हते? खरं सांगायचं तर कारण एका वाक्यात संपतं. बाई सोडून गेली असती आणि जाताना चार घरांत बोलली असती. मी रोज तिच्याशेजारी उभी राहून कोशिंबीर करत होते, तिच्या मुलांच्या शाळेची चौकशी करत होते, आणि माझ्या पोटात काही म्हणजे काही हलत नव्हतं.

जानेवारीत हळदीकुंकू झालं. करोल बागेतून वाणाला स्टीलचे छोटे डबे आणले होते. वीसेक बायका, अर्ध्या मराठी, अर्ध्या हौसेनं आलेल्या पंजाबी आणि बंगाली शेजारणी. नवऱ्याला डॉक्टरांनी आता धोका नाही असं सांगितलं होतं, तरी तो आत दार लावून बसला होता. बाई स्वयंपाकघरात मसाला दूध ओतत होती. आणि दीदी आली. त्या दिवशी येऊ नका असं सांगायचं माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. गेटवरच्या अ‍ॅपनं तिला आपोआप आत सोडलं, कारण ती आमची रोजची 'मेड'.

ती दारात उभी राहिली तशी समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण हिंदीत म्हणाली, हिला मी बऱ्याचदा लिफ्टमध्ये बघते, तुमची नवीन का? काम कसं आहे? मलाही हवीच आहे. सगळ्या बायका दाराकडे बघायला लागल्या. मी हसले. म्हटलं, हो, नवीन ठेवली आहे, काम चांगलं आहे, पण सध्या तिला वेळ नाही. दीदीनं मान खाली घातली, पुढे झाली, टेबलावरचे रिकामे पेले ट्रेमध्ये भरले आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. माझी लाज राखायला तिनं मोलकरणीचं काम केलं. त्या ट्रेसमोर बाई उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोळ्या झाल्यावर बाईनं ओटा दोनदा पुसला आणि विचारलं, "भाभी, मेरे काम में कोई कमी है?"

हा क्षण होता. देवानं ताटात वाढून ठेवला होता. फक्त म्हणायचं होतं की नाही गं, ती कामवाली नाही, ती दवाखान्यातली आहे. मी म्हटलं, छे, ती वरच्या कामाला आहे, झाडपुशीला. बाई म्हणाली, झाडपुशीला तर सकाळी दुसरी येते. मी म्हटलं, तिला काढणार आहे. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं, तसं. ती बरं म्हणाली. बाईला तेव्हा खोकला सुरू झाला होता. मला तो ऐकू येत होता. मी तिला अडुळशाची बाटली दिली.

फेब्रुवारीत दीदीनं तिला जिन्यात गाठलं. आजाराचं नाव न घेता विचारलं की खोकला किती दिवस आहे, माझ्याबरोबर तपासायला चल. बाईनं तिला तिथेच झाडलं. हे मला बाईनंच येऊन सांगितलं. ती नवीन मला आजारी ठरवून माझी घरं घ्यायला निघाली आहे भाभी, तिला आवरा. भांडताना तिला धाप लागत होती. संध्याकाळी दीदीचा फोन आला. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. म्हणाली, मी तिच्या नजरेत चोर झाले, आता माझं ती काही ऐकणार नाही, आता तरी तुम्ही बोला. मी म्हटलं, होळी होऊन जाऊ दे, होळीला सगळे गावाला जातात, परत आली की शांतपणे बसवून सांगते. मला आठवतंय, फोनवर बोलताना मी कपाटातले टॉवेल घडी घालून रचत होते आणि रंगाप्रमाणे लावत होते.

होळीला बाई गेली ती कामावर परत आलीच नाही. फोन बंद. शेजारणी म्हणाल्या, यांचं असंच असतं, न सांगता जातात. मी पण मान डोलावली. दुसरी बाई ठेवली. तिला घडीच्या पोळ्या येत नाहीत, आम्ही फुलके खायला लागलो.

मेच्या मध्यावर नवऱ्याचा कोर्स संपला. फोटो स्वच्छ, वजन सात किलो वाढलेलं. त्यानं दीदीला मिठाईचा डबा दिला. तिनं तो घेतला, पिशवीत ठेवला, आणि नवरा आत गेल्यावर मला म्हणाली की माझ्याच भागाच्या यादीत एक नाव आलं आहे. सोसायटीमागच्या वस्तीतल्या गल्लीतलं. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे निघालं. मी नाव विचारलं नाही. ती म्हणाली, चार वेळा जाऊन आले. दारात उभं करते, पाणी देत नाही. गोळ्या दिल्या तर नालीत फेकल्या. म्हणते, जिनं माझं कामाचं घर तोडलं तिच्या हातचं मी काही खाणार नाही. गल्लीतल्या कोणी सांगितलं आहे की या गोळ्यांनीच माणूस खंगतो. "मेरी बात पे उसको भरोसा नहीं है, मॅडम. आपको चलना पड़ेगा."

नवरा म्हणाला, जाऊ नकोस, आता कुठे सगळं मिटलं आहे, दीदी करेल ना काहीतरी. तो वाईट माणूस नाही. मी चपला घालून निघाले. धैर्यबिर्य काही नव्हतं. मला जायला सांगितलं आणि मी गेले, सोसायटीच्या मीटिंगला जावं तशी.

दुपारचं ऊन मी म्हणत होतं. गल्ली दोन माणसं जेमतेम जातील एवढी, वरती तारांचं जाळं, एकेका घरात खोलीला खोली लागून. पत्र्याच्या एका खोलीत बाई खाटेवर बसली होती. मी ओळखलं ते बांगड्यांवरून. त्या पार कोपरापर्यंत वर सरकत होत्या. तिची सासू दाराशी, शेजारच्या दोघीतिघी उंबऱ्याबाहेर, कारण मोठ्या सोसायटीतली मॅडम आली म्हणून बघायला जमल्या होत्या. बाई मला म्हणाली, बसा भाभी. बसायला एकच स्टूल होतं, ते सासूनं पुसून दिलं. दीदी बाहेरच थांबली.

मी येताना दोनतीन वाक्यं जुळवून ठेवली होती. सगळी मऊ. तिच्यासमोर बसल्यावर एकही आठवलं नाही, म्हणून जे होतं तेच बोलले. बाहेरच्या बायकांना ऐकू जात होतं, जाऊ दे म्हटलं. सांगितलं की भैयांना हाच आजार होता. नोव्हेंबरपासून. मला माहीत होतं. ही कामवाली नाही, ही दवाखान्यातली आहे, ती भैयांच्या गोळ्यांसाठी यायची. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती की तुला सांगावं, तुझी तपासणी करावी. मी नाही म्हटलं. मी तुला खोटं सांगितलं.

सासू म्हणाली, हाय राम, आणि तोंडाला पदर लावला. मी वाट बघत होते की बाई ओरडेल, निघा म्हणेल, काहीतरी फेकेल. ते बरं झालं असतं. तिनं वर गेलेल्या बांगड्या मनगटाकडे ओढल्या आणि विचारलं, "भैया ठीक हो गए?"

मी म्हटलं, हो, पूर्ण बरे झाले.

"यही गोली खाई थी?"

हो, हीच.

"इन्हीं के हाथ से?" तिनं दाराकडे मान केली.

मी हो म्हटलं. तिनं दीदीला आत बोलावलं आणि हात पुढे केला. दीदीनं पाकीट फाडून गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या, सासूनं पाण्याचा लोटा आणला. सहा महिने जी एक गोष्ट कोणाला कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला होता, बाईला बरं व्हायला तेवढीच हवी होती. बाकी काही नाही. इतक्या महिन्यांनी मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. मी स्टुलाची कड धरून बसून राहिले.

गोळ्या तोंडात टाकण्याआधी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पहले बता देतीं न, भाभी."

रागानं नाही. आयत्या वेळी चार पाहुणे जेवायला येताहेत असं मी सांगितलं की कणीक जास्त मळून ठेवली असती म्हणून ती ज्या आवाजात कुरकुरायची, त्याच आवाजात. मग तिनं एकेक करून गोळ्या गिळल्या आणि आम्ही तिघी ते बघत बसलो.